चारही रिपोर्ट ‘बॉर्डरलाइन’ आहेत, मग हार्टचा धोका किती?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, चाकणला कंपनीत सुपरवायझर, पंधरा दिवसांआड रात्रपाळी. वडिलांना ५१ व्या वर्षी अटॅक आला होता, स्टेंट टाकला. गेल्या महिन्यात ४४ वर्षांचा सख्खा चुलतभाऊ झोपेतच गेला. घाबरून तपासण्या केल्या. कार्डिओग्राम नॉर्मल, टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून काढलेला कार्डिओग्राम) निगेटिव्ह. एकूण कोलेस्टेरॉल २२०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१५, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १४१. तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.१. बीपी १४२/९०. सिगारेट नाही, पण दिवसातून पाच-सहा वेळा तंबाखू-चुना. ‘सगळं बॉर्डरलाइन आहे, तेल-तूप कमी करा’ एवढंच सांगितलं गेलं. गोळी घ्यायची का, सीटी अँजिओग्राफी (औषध टोचून हृदयाच्या नळ्यांचा स्कॅन) करायची का, आणि खरा धोका किती, असं त्यांनी विचारलं आहे.

मी कराडला गेली २७ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. तुमच्यासारखी फाईल घेऊन आठवड्याला दोघं-तिघं तरी येतात. सगळ्यांना मी सांगतो ती पहिली गोष्ट म्हणजे ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द डोक्यातून काढून टाका. लॅबच्या कागदावर प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत असतो. शरीरात ते सगळे एकाच रक्तात, एकाच नळीतून फिरत असतात. आणि तिथे त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

हा गुणाकार मोजलेला आहे. २००४ साली ‘इंटरहार्ट’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देशांतले, पहिला अटॅक आलेले जवळपास १५ हजार रुग्ण आणि तेवढीच अटॅक न आलेली माणसं. धूम्रपानाने धोका साधारण २.९ पट, मधुमेहाने २.४ पट, उच्च रक्तदाबाने १.९ पट वाढतो असं दिसलं. तिन्ही एकाच माणसात असले तर १३ पट. त्यात कोलेस्टेरॉलच्या कणांचं प्रमाण वाईट असलं तर ४२ पट. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांचाही त्यात हिशोब होता. त्यांचा धोका दुपटीहून थोडा जास्त निघाला. त्यामुळे ‘सिगारेट नाही’ असं लिहून तुम्ही जी सूट घेतली आहे, ती हृदय देत नाही.

त्याच अभ्यासात आपल्या भागातल्या, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळमधल्या रुग्णांचं पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३ होतं, इतर देशांत जवळपास ५९. म्हणजे आपल्याकडे हा आजार पाच-सहा वर्षं आधी येतो. पण नशिबाला दोष देण्याआधी पुढचं वाचा. धूम्रपान, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळं, व्यायाम आणि दारू या नऊ गोष्टींनी जगभरातल्या पुरुषांच्या अटॅकचा सुमारे ९० टक्के हिशोब लागला. तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी हातात येण्यासारख्या आहेत. उत्तर इतकं लांब लिहायचं कारण तेच.

आता कार्डिओग्राम आणि टीएमटी. इथे फार मोठा गैरसमज आहे आणि त्यापायी मी माणसं गमावलेली पाहिली आहेत.

हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर बसतो तो नळाच्या पाइपात गाळ बसावा तसा पोकळीत नाही बसत. तो भिंतीच्या आत, अस्तराखाली साचतो. अनेक वर्षं भिंत बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट जवळपास तेवढीच राहते. रक्त नीट वाहतंय म्हटल्यावर कार्डिओग्रामची पट्टी नॉर्मलच येणार. टीएमटी बिघडायला वाट साधारण ७० टक्के अरुंद व्हावी लागते. पण अटॅक यायला ७० टक्के ब्लॉक लागतोच असं नाही. अस्तराखालचा मऊ थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काल ४० टक्के असलेला अडथळा मिनिटांत १०० टक्के होतो. म्हणजे टीएमटी आज रक्त पुरतंय का ते सांगते. भिंतीत काय शिजतंय ते तिला दिसत नाही.

एक शिक्षक माझ्याकडे दरवर्षी तपासणीला यायचे. निळी प्लास्टिकची फाईल, प्रत्येक पट्टीवर तारीख घातलेली. बीपीची गोळी मी दोनदा लिहून दिली, दोन्ही वेळा महिन्याभरात बंद केली, कारण ‘पट्टी नॉर्मल आहे ना, डॉक्टर’. वयाच्या ४७ व्या वर्षी एका रात्री अकराला छातीत भरून आलं, घाम सुटला. जेवण जड झालं असेल म्हणून इनो घेतलं, सोडा प्यायले, खुर्चीत बसून सकाळ काढली. सहाला आणलं तेव्हा सात तास उलटले होते. जगले, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं. आता दुसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरी जाताना मधल्या पायरीवर थांबतात. ती फाईल अजून आणतात. मला ती उघडायला होत नाही.

तुमचे आकडे घेऊ.

एलडीएल १४१. हा बहुधा थेट मोजलेला नाही, हिशोबाने काढलेला आहे: एकूणमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. २२० वजा ३६ वजा ४३. ट्रायग्लिसराइड तुमच्याइतकं चढलेलं असलं की मी त्यापेक्षा ‘नॉन-एचडीएल’ बघतो, ज्याला उपाशीपोटी रक्त द्यायचीही गरज नाही. एकूण वजा एचडीएल, म्हणजे तुमचं १८४. नळीच्या भिंतीत घुसू शकणारे सगळे कण यात धरले जातात. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार धोका कमी असलेल्या माणसानेही एलडीएल १०० च्या आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली ठेवायचं. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेला माणूस जास्त धोक्याच्या गटात जातो, त्याला ७० आणि १०० ची मर्यादा आहे. तुमचं बीपी खरंच १४०/९० च्या वर असेल तर तुम्ही या गटातले. १८४ वरून १०० च्या खाली यायचंय, हे अंतर लक्षात ठेवा, गोळीच्या प्रश्नात ते लागेल.

एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, शुगर मधुमेहाच्या उंबरठ्यावर: ही तिन्ही एकाच घरची आहेत. त्यांचं मूळ पोटातल्या चरबीत आणि आपल्या ताटातल्या पीठ-भात-साखरेत आहे, तेलातुपात तितकं नाही. तुम्ही पोटाचा घेर लिहिलेला नाही. ‘पँट ३४ ची लागते’ असं सांगू नका, कारण पँट आपण पोटाच्या खाली नेसतो. टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. आपल्या पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही हद्द आहे. वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच दाखला छायाचित्रासह छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या माणसाला मधुमेह का होतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला समजलं.

बीपी १४२/९० एकदा आलं म्हणून लगेच शिक्का मारत नाही. कॅम्पमध्ये कसं मोजतात ते मी पाहिलंय: माणूस जिना चढून येतो, शर्टाची बाही दंडावर गुंडाळलेली, पाय लोंबकळत, शेजारच्याशी बोलणं चालू, आणि पट्टा फुगवला जातो. दंडावर बांधायचं डिजिटल मशिन घ्या (मनगटाचं नको). पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर तो उच्च रक्तदाब, डोकं दुखो अगर न दुखो. ११५ च्या पुढे वरचं बीपी दर २० ने वाढलं की मध्यमवयात हृदयविकार आणि पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. घोरत असाल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकत असेल तर बीपी नुसत्या गोळ्यांना दाद देत नाही.

वडिलांचा ५१ व्या वर्षीचा अटॅक हे तुमच्या फाईलमधलं सगळ्यात वजनदार पान आहे. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल तर तो घराण्याचा धोका धरतो. (चुलतभावाचं नेमकं कारण कळलेलं नसेल तर ते सोडून देऊ, वडिलांचं एकट्याचं पुरेसं आहे.) म्हणून एक तपासणी अजून करा: लायपोप्रोटीन-ए. हा एलडीएलचाच चिकट भाऊबंद, त्याचं प्रमाण जन्मतः ठरतं, पथ्याने-व्यायामाने हलत नाही, आणि साध्या कोलेस्टेरॉल रिपोर्टमध्ये दिसत नाही. आपल्याकडे चारातल्या एका माणसात ते ५० मिलिग्रॅमच्या वर असतं. आयुष्यात एकदा केलं की झालं. जास्त आलं तर घाबरायचं नाही, बाकीच्या सगळ्या आकड्यांना जास्त घट्ट धरायचं.

सीटी अँजिओग्राफी? छातीत दुखत नाही, चालताना दम लागत नाही, अशा माणसाला मी सहसा करायला सांगत नाही. गोळी सुरू करावी की नाही यावर मन ठरत नसेल तर साधा कॅल्शियम स्कोअर, म्हणजे नळ्यांत जमलेलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन, उपयोगी पडतो, त्यात औषध टोचावं लागत नाही आणि किरणंही कमी. पण ४२ व्या वर्षी स्कोअर शून्य आला तरी मऊ थर नाहीच असं म्हणता येत नाही, कारण कॅल्शियम नंतर जमतं. तुमच्या बाबतीत स्कोअर काहीही आला तरी माझा सल्ला फारसा बदलणार नाही, मग पैसे कशाला घालायचे?

आता गोळी. कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल, म्हणजे स्टॅटिनबद्दल, लोकांच्या मनात इतकी भीती आहे की मी यावर जास्त वेळ देतो. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून हे औषध शोधलं आणि १९८७ मध्ये पहिलं स्टॅटिन बाजारात आलं. तेव्हापासून लाखाहून जास्त लोकांवर तपासून पाहिलेलं आहे: एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरलं की अटॅक आणि पक्षाघातासारख्या घटना सुमारे पाचव्या भागाने कमी होतात, आणि जितकी वर्षं कमी राहील तितका फायदा वाढत जातो. पथ्यपाण्याने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतं. तुमचं १४१ चं १२० होईल. हवंय ७०. हे गणित नुसत्या तेल-तुपाच्या सल्ल्याने सुटत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: घरचं बीपी जास्त निघालं तर गोळी आत्ताच, तंबाखू सोडण्याच्या आणि चालण्याच्या जोडीला. कोणती आणि किती, हे तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. सहा ते बारा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं.

दुष्परिणाम आहेत का? काहींचे स्नायू दुखतात, डोस किंवा गोळी बदलून बहुतेकांचं भागतं. लंडनमध्ये झालेल्या ‘सॅमसन’ प्रयोगात, दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी, काही महिने खोटी गोळी दिली आणि काही महिने कुठलीच दिली नाही. जितका त्रास खऱ्या गोळीने झाला, त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता, माणसांचं अंग खरंच दुखत होतं, पण ते बहुतांशी औषधामुळे नव्हतं. शुगर किंचित वाढते हेही खरं, त्यामुळे ६.१ वर लक्ष ठेवायचं. आयुष्यभर घ्यावी लागेल का? बहुधा हो. धोका जन्मभराचा आहे.

रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे अॅस्पिरिन, मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. अटॅक किंवा स्टेंट झालेल्याला ती अत्यावश्यक आहे. तुमच्यासारख्याला रोज घेतली तर पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका फायद्याच्या बरोबरीला येतो. वडिलांच्या डब्यातली एक आपणही घेऊन टाकावी असं करणारे मुलगे मी पाहिले आहेत.

आणि लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा तो काढा. ब्लॉक विरघळवणारा कुठलाही काढा नाही. लसूण खुशाल खा, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करून आलेल्या माणसाची अँजिओग्राफी मला पुन्हा पाहायची नाही.

तंबाखू आधी. बाकी सगळं हळूहळू चालेल, हे नाही. तुम्ही पुडी कधी मळता ते तीन दिवस लिहून ठेवा. मला जवळजवळ नक्की वाटतं की चहानंतर, रात्रपाळीत दोन ते चारच्या दरम्यान, आणि संडासला जाताना. या तीन जागांवर आधीच पर्याय ठेवा: बडीशेप, लवंग, किंवा निकोटिनचं च्युइंगगम डॉक्टरांना विचारून. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होते, बद्धकोष्ठ होतं, झोप उडते, दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं ओसरतं. घरी आई मिश्री लावत असतील तर त्यांचीही तंबाखूच आहे, जाळलेली असली तरी.

ताटाबद्दल. महिन्याला माणशी अर्धा लिटर तेल पुरतं. पाच माणसांच्या घरात अडीच लिटर. तेलाची पिशवी फोडली की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेवर खूण करा, महिनाअखेर मोजा. माझ्या बहुतेक रुग्णांकडे ते पाच-सहा लिटर निघतं आणि वहिनी स्वतःच चकित होतात. कोणतं तेल या वादात फार अडकू नका. शेंगदाणा, करडई, मोहरी, आलटून पालटून चालतात. पाम तेल आणि वनस्पती तूप टाळा, आणि ते घरात येतं बेकरीच्या खारीतून, नानकटाईतून. भाकरी-पोळीवर चमचाभर साजूक तूप घेतल्याने आभाळ कोसळत नाही.

तुमचा खरा प्रश्न चहात आणि पिठात आहे. रात्रपाळीत पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर नुसती चहातून. चार पोळ्या आणि वर भाताचा डोंगर, त्यात डाळ पाण्यासारखी. हे उलटं करा: मटकी, मूग, चवळीची घट्ट उसळ वाटीभर, पालेभाजी दोन वाट्या, दही, काकडी-कांदा, आणि मग दोन पोळ्या किंवा एक भाकरी. मासे खात असाल तर बांगडा, तारली, तळून नव्हे, कालवणात. एकादशीला साबुदाणा खिचडी, बटाटा आणि वेफर्स खाऊन उपास होत नाही, ट्रायग्लिसराइडची चंगळ होते. मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, एक सपाट चमचा. लोणचं, पापड, फरसाण आणि कंपनीच्या कँटीनमधली मिसळ यातच ते संपतं. दारू हृदयाला बरी, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका, तुमचं ट्रायग्लिसराइड ती थेट वाढवते.

चालणं म्हणजे शतपावली नव्हे. जेवणानंतरची शतपावली शुगरला चांगली, ती सोडू नका. पण हृदयासाठी आठवड्याला १५० मिनिटं असं चालायचं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. शिवाय दोन दिवस बैठका, जोर, दगड-वीट उचलणं, काहीही, स्नायू वापरले पाहिजेत. रात्रपाळीच्या आठवड्यात पाळीला जाण्याआधी चाला, सकाळी परतल्यावर नाही, तेव्हा झोपा. पोटावरचे चार-पाच किलो उतरले तर बीपी, शुगर आणि ट्रायग्लिसराइड तिन्ही एकदम हलतात.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. छातीवर दगड ठेवल्यासारखं, जबडा-खांदा-हात-पाठ भरून येणं, कारण नसताना थंड घाम, अचानक दम: दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन. ‘गॅस’ हे निदान घरी करायचं नाही. बायकांना आणि मधुमेह्यांना कधी छातीत दुखतच नाही, नुसती मळमळ आणि गळून जाणं असतं, आणि म्हणूनच त्या उशिरा पोचतात. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून खायची, पण आधी फोन. जिभेखालची गोळी कुणा शेजाऱ्याची घेऊ नका, बीपी पडलेलं असेल तर ती घातक ठरते. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पहिली पट्टी नॉर्मल आली तरी दुखत असेल तर परत काढायला आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) करायला सांगा. तुमच्या घरापासून आणि कंपनीपासून अँजिओप्लास्टी रात्री चालू असणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते आज शोधून भिंतीवर लिहा. ते तासाभराहून लांब असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन कुठे मिळतं तेही. ते पहिल्या तीन तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं काम करतं.

या आठवड्यात करायचं ते: बीपी मशिन, टेप, लायपोप्रोटीन-ए आणि तंबाखूची तीन दिवसांची नोंद. सात दिवसांचे आकडे घेऊन तुमच्या फिजिशियनकडे जा आणि नॉन-एचडीएल १८४ आहे, वडिलांना ५१ व्या वर्षी अटॅक आला, ही दोन वाक्यं स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका. धाकटा भाऊ असेल तर त्याला बरोबर न्या. वडील त्याचेही तेच आहेत, आणि त्याचा रिपोर्ट बहुधा अजून कुणी काढलेलाच नाही.